सरकत्या खिडकीची गळती: माझा अनुभव
जळगावच्या आमच्या घरात पश्चिमेकडील सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी झिरपून खालच्या भिंतीला पोपडे धरत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे चौकट आणि भिंत यांमधील फट बुजवणाऱ्या सिलिकॉनला भेगा पडल्या होत्याच. परंतु मुख्य दोष निराळा होता. खालच्या पट्टीतून पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे काळ्या मातीच्या धुळीने घट्ट बुजल्यामुळे ते पट्टीत साचून आत उतरत होते. ती छिद्रे तारेने मोकळी केली, जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढले (त्यावर नवा थर नीट चिकटत नाही), जागा कोरडी करून न्यूट्रल (आम्ल न सोडणारे) सिलिकॉन भरले आणि 24 तास तेथे पाणी लागू दिले नाही. नंतर पट्टीत तांब्याभर पाणी ओतले, तेव्हा ते सरळ बाहेर गेले.