जखमी पक्षी, पोरके पिल्लू हाती आले तर: कायदा आणि पहिला तास

संक्रांत जवळ आली की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत झाडाझाडांवर मांजात लटकलेल्या घारी, बगळे आणि वटवाघळे दिसू लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. जखमी जीव पाहून मदतीला धावावेसे वाटते आणि धावायलाच हवे. फक्त त्याला हात लावण्याआधी 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा.

यामागे कायद्याचे कारण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधली ‘शिकार’ मारण्यापुरती नाही. वन्यप्राणी पकडणे, त्याला सापळा लावणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी बिघडवणे हेही त्यातच मोडते. असा प्राणी लेखी परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. कलम 39 प्रमाणे तो सरकारी मालमत्ता ठरतो आणि ताब्यात आल्यापासून 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावे लागते. ‘दया आली म्हणून पाळले’ ही सबब चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर (अंमल 1 एप्रिल 2023 पासून) शिक्षाही वाढली आहे. बिबट्या, मोर अशा अनुसूची 1 मधल्या (कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतल्या) प्राण्यांबाबत गुन्हा असेल तर 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार दंड. एरवी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटही या कायद्याखाली येतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

48 तास ही शेवटची मर्यादा आहे, तोवर थांबायची मुभा समजू नका. पहिल्या तासातच कळवा. फोन लागला की जागा, प्राणी, जखम आणि वेळ सांगा. ज्यांच्याशी बोललात त्यांचे नाव आणि हुद्दा (वनरक्षक, वनपाल किंवा आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी) लिहून घ्या. मग फोटो आणि लोकेशनसह त्यांना मेसेज पाठवा: ‘आज सकाळी 8.20 वाजता अमुक चौकातल्या झाडाखाली मांजाने पंख कापलेली घार सापडली. 1926 वर कळवले आहे. आपल्या सांगण्यावरून खोक्यात ठेवली आहे.’ तुमची बाजू सांगायला हा साधा मेसेज पुढे फार कामी येतो. प्राणी स्वतः नेऊन द्यायला सांगितले, तर तेही मेसेजवर घ्या. म्हसरूळला वनविभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, पण कुठे न्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या.

माणसे येईपर्यंतचे काम थोडेच, पण नेमके आहे. घारीची चोच भीती घालते, मात्र खरी इजा नखांनी होते. जाड सुती कापड डोक्यासकट अंगावर टाका, पंख मिटवून दोन्ही बाजूंनी धरा आणि पाय कापडातच राहू द्या. मांजा ओढून काढू नका. तो पंखाच्या पातळ कातड्यात रुतलेला असतो, ओढला की करवतीसारखा कापत जातो. दोन्ही टोकांना बोटभर दोरा ठेवून कात्रीने कापा, रुतलेला भाग डॉक्टर काढतील. पक्षी बसेल पण पंख फडफडवता येणार नाहीत एवढेच पुठ्ठ्याचे खोके घ्या. बाजूंना पेन्सिलच्या जाडीची आठ-दहा भोके पाडा आणि तळाशी जुने कापड घाला. कापूस नको, नखे अडकतात. खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध तर कुठल्याच पक्ष्याला नको.

उन्हाळ्यात खाली पडलेली पिल्ले बहुतेकदा पोरकी नसतातच. अंगावर पिसे फुटलेली असतील, पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकते आहे. कुत्र्या-मांजरांपासून दूर फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. उघडे-बोडके असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खरे नाही. सशाचे पिल्लूही एकटेच पडून असते, कारण आई दिवसातून एक-दोनदाच पाजायला येते.

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा सर्वांत मोठी चूक घडते. मुले उचलतात, फोटो काढतात, बछडे घरोघरी फिरतात. तसे करू नका. त्या फडातली तोड थांबवा, माणसे मागे घ्या आणि फोन करा. वनकर्मचारी संध्याकाळी बछडे त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावतात. मादी बहुधा अंधारात येऊन त्यांना घेऊन जाते. बछडे गावात नेले तर ती शोधत वस्तीभोवती फिरू शकते, आणि माणसाच्या हाती वाढलेला बिबट्या पुन्हा जंगलात सोडता येत नाही.

माकड, कोल्हा, मुंगूस किंवा वटवाघूळ यांना उघड्या हाताने कधीच धरू नका. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

प्राणी सोपवताना पोच मागा: तारीख, वेळ, प्राणी, घेणाऱ्याचे नाव आणि सही. पंचनामा झाला तर त्याची प्रत मिळेल का ते विचारा. जागेवर कागद नसेल तर सोपवतानाचा फोटो त्याच मेसेजखाली पाठवा, आणि तो मेसेज फोनमधून काढून टाकू नका.