सागरगोटे शिकवताना: आपले, कोरियाचे आणि दक्षिण आफ्रिकेचे

एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा टिपायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. एवढ्या एका हालचालीत कितीतरी देशांतल्या मुलांच्या दुपारी गेल्या आहेत. आपल्याकडे सागरगोटे किंवा गजगे, नेपाळात गट्टा, कोरियात गोंग्गी. तमिळमधलं अंजांगल, तुर्कीतलं बेशताश आणि प्राचीन ग्रीकांचं पेंटेलिथा या तिन्ही नावांचा अर्थ एकच: पाच दगड. ग्रीक मुली मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळत. चित्रकार ब्रूगेलच्या १५६० मधल्या, मुलांचे खेळ दाखवणाऱ्या चित्रातही डाव्या कोपऱ्यात खाली दोघी हाडंच टिपत बसल्या आहेत. म्हणून सोसायटीत किंवा वर्गात परदेशातून आलेलं मूल असेल तर भाषेची वाट बघू नका. पाच गोटे त्याच्यासमोर ठेवा.

गोटे कोणते घ्यावेत

खरा सागरगोटा म्हणजे किनाऱ्याजवळ वाढणाऱ्या एका काटेरी वेलीची बी. करड्या रंगाची, गुळगुळीत, दीड-दोन सेंटिमीटरची. तिचं कवच टणक असतं आणि ती पाण्यावर तरंगते, त्यामुळे समुद्रावरून दूरदूरच्या किनाऱ्यांना लागते. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर वारी या खळग्यांच्या पटावरच्या खेळात याच बिया सोंगट्या म्हणून वापरतात. काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोटे सहज मिळतात. ही बी फरशीवर घासली की चांगलीच तापते आणि शेजारच्याला चटका द्यायचा मोह मुलांना होतोच. लहानग्यांच्या कातडीला तो चटका खरंच लागतो, तेव्हा आधीच बजावून ठेवा.

सागरगोटे नसतील तर नदीतले गोल खडे चालतात. मात्र पाचही एकाच मापाचे हवेत आणि मुलाच्या मुठीत एकदम मावले पाहिजेत. बिट्टीच्या बिया पूर्वी सर्रास वापरल्या जात. त्या विषारी आहेत, वापरू नका. तीन वर्षांखालचं भावंड आसपास असेल तर खेळ संपल्यावर गोटे मोजून डबीत ठेवा, कारण एक जरी तोंडात गेला तरी घशात अडकू शकतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी सिंगापूरमध्ये या खेळाला वापरतात तशा तिकोनी कापडी पिशव्या उत्तम. त्या उड्या मारत नाहीत आणि लागतही नाहीत. एका पिशवीसाठी ९ × ४.५ सेंटिमीटरचा सुती तुकडा घ्या. सुलट बाजू आत ठेवून लांबी निम्मी दुमडा. अर्धा सेंटिमीटर माया सोडून उभी कड आणि एक आडवी कड शिवा, मग उलटा. उरलेल्या तोंडातून छोटा चमचाभर तांदूळ किंवा मूग भरा. आता तोंड बंद करताना शिवण आधीच्या आडव्या शिवणीला काटकोनात येऊ द्या, म्हणजे आपोआप तिकोन होतो. दाणे ठासून भरले तर पिशवी चेंडूसारखी घरंगळते, फार कमी भरले तर चिमटीत लोंबते. राजगिरा विणीतून गळतो. धान्य आधी कोरडं भाजून पूर्ण गार केलं तर पावसाळ्यात कीड लागत नाही.

पहिला हात

सतरंजीवर बसा. उघड्या फरशीवर गोटे उसळतात आणि जाड गादीवर बोटं रुततात. पाचही गोटे जमिनीपासून वीतभर उंचीवरून हलकेच सोडा. भिरकावले तर ते इतके लांब जातात की हात पोचत नाही. एक गोटा उचला, वर उडवा, खालचा एक टिपा, वरचा झेला. टिपलेला दुसऱ्या हातात ठेवा. असं चार वेळा केलं की पहिला हात, म्हणजे पहिली फेरी, झाली.

मुलं चुकतात ती बहुतेक दोन ठिकाणी. पहिली चूक उंचीची. गोटा हातापासून ३० सेंटिमीटर वर गेला तर परत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, ४५ सेंटिमीटर गेला तर ०.६ सेकंद. दीडपट उंची देऊन मिळाला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, आणि गोटा मात्र तिरका लांब गेला. म्हणून बसल्या जागी हनुवटीपर्यंतच उडवायला सांगा, पण सरळ. दुसरी चूक नजरेची: मूल टिपायचा गोटा शोधत खालीच बघत राहतं. कुठला टिपायचा हे उडवण्याआधी ठरवायचं, मग नजर वरच्या गोट्यावर. हाताला जागा आठवते. दोन दिवस नुसतं उडवणं-झेलणं आणि मधे जमिनीवर टाळी देणं, एवढाच सराव केला तरी पुढचं झपाट्याने जमतं.

पुढच्या हाताला दोन-दोन टिपायचे, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. तीन टिपताना बोटांच्या टोकांनी उचलू नका. करंगळीकडून तळवा जमिनीला लावून ओढत आणा.

गोंग्गीचे नियम

पहिले तीन हात आपल्यासारखेच. फरक असा की टिपताना शेजारच्या गोट्याला धक्का लागला तरी डाव गेला. आपल्याकडे काही घरांत हे चालतं, काही घरांत नाही, आणि भांडणं इथेच होतात, तेव्हा आधी ठरवून घ्या. चौथ्या हाताला पाचही गोटे मुठीत धरून एक उडवायचा, तो हवेत असताना चार खाली ठेवायचे आणि तो झेलायचा. पुन्हा उडवून चारही उचलायचे.

शेवटी पाचही उडवून उलट्या हातावर घ्यायचे, तिथून पुन्हा उडवून वरून झडप घालत मुठीत पकडायचे. उलट्या हातावर राहिलेले सगळे पकडले तर जितके गोटे तितकी 'वर्षं', म्हणजे गुण, मिळतात. उलट्या हातावर तीन राहिले आणि झडपेत दोनच आले तर शून्य. हातावर राहत नसतील तर बोटं जुळवून मधे किंचित खोलगट करायला शिकवा, ताठ पंजावरून सगळे घरंगळतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पोलक्स या ग्रीक लेखकाने पेंटेलिथाचं वर्णन केलं आहे, त्यातही गोटे उडवून उलट्या हातावरच घ्यायचे असतात.

डिकेटो

दक्षिण आफ्रिकेतल्या या खेळाला जमिनीत उथळ खळगा लागतो. घरात खडूने वीतभर रुंदीचं वर्तुळ काढलं तरी पुरे. त्यात दहा खडे, आणि उडवायला एक मोठा वेगळा. मोठा उडवून हाताच्या फटकाऱ्याने खडे बाहेर ओढायचे. तो झेलून पुन्हा उडवायचा आणि एक सोडून बाकीचे आत ढकलायचे. बाहेर राहिलेला एक आपला. असे सगळे संपले की पुढच्या फेरीत दोन-दोन बाहेर ठेवायचे. नवख्या मुलाला एका फटक्यात सगळे ओढायचा मोह होतो आणि मग आत ढकलायला वेळच उरत नाही. सुरुवातीला दोन-तीनच ओढू द्या. एक बाहेर राहिला पाहिजे, एवढं सांभाळलं की झालं. नखं वाढलेली असतील तर आधी कापा, मातीवर ती हमखास तुटतात.