मुलांना सोबत घेऊन अंगणातलं काम कसं करावं

माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका रविवारी तिने अख्खं अंगण झाडलं. हातात तिच्याच उंचीचा खराटा, कपाळावर घाम, आणि मधे मधे पाला तसाच राहिलेला. ती हात धुवायला आत गेली तेवढ्यात मी खराटा उचलला आणि राहिलेलं झाडून काढलं. ती बाहेर आली, तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. पुढच्या रविवारी हाक मारली तर म्हणाली, "तूच कर ना, तुला छान येतं."

ती पुन्हा आपणहून अंगणात यायला बरेच महिने गेले. त्या महिन्यांत आणि त्यानंतर जे शिकले ते इथे सांगते आहे. मोठं अंगण हवंच असं नाही, चार कुंड्या असल्या तरी यातलं बरंचसं लागू पडेल. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाका: मूल सोबत असलं की कामाला दुप्पट वेळ लागतो. पाहुणे यायच्या आत अंगण लख्ख हवं असेल, तर त्या दिवशी एकट्याने करा आणि मुलाला वेगळा दिवस द्या.

पहिली पायरी: अवजार न घेता एक फेरी मारा

मुलाबरोबर अंगणात नुसतं फिरून या. कुठे तण माजलंय, कुठल्या झाडाची पानं पिवळी पडलीत, पाणी कुठे साचतं, हे त्याला दाखवू द्या. तुम्हाला आधीच दिसलेलं असतं, तरी घाईने बोट दाखवू नका. मुलांची नजर जमिनीच्या जवळ असते आणि आपल्याला न दिसलेली मुंग्यांची रांग त्यांना आधी दिसते. त्याने दाखवलेल्या गोष्टींपैकी एक तरी त्या दिवसाच्या कामात घ्या.

मग काम ठरवा, आणि ते संपणारं ठरवा. "अंगण साफ कर" हे सात वर्षांच्या मुलासाठी कामच नाही, कारण ते कधी संपलं हे त्याला कळत नाही. "या दगडापासून त्या कुंडीपर्यंतचा पाला घमेल्यात भरायचा" हे काम आहे. मी सुतळीने साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून देते. तेवढ्यातलं तण निघालं की आत आणि बाहेरचा फरक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

दुसरी पायरी: वयाला झेपेल ते द्या

फार लहान म्हणून मुलाला दूर ठेवू नका. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कपडे वाळत घालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, तो वाकून पोहोचायचा प्रयत्न करतो पण हात पुरत नाही, अशा प्रसंगांत अवघ्या १८ महिन्यांची मुलं काय करतात ते त्यांनी पाहिलं. बहुतेक मुलांनी कुणी न सांगता, शाबासकीची वाट न पाहता मदत केली. मदत करायची इच्छा मुलात आधीच असते. "तू बाजूला हो, मध्ये येऊ नकोस" हे ती पुष्कळदा ऐकते आणि मग विझते.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला छोटी झारी द्या, वाळकी पानं टोपलीत टाकू द्या. चार ते सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच तण ओळखायला शिकवा. आज फक्त हे पान, बाकी कशाला हात लावायचा नाही. सात-आठ वर्षांपासून खुरपं हातात देता येतं, आळं करणं, रोपांभोवती पाल्याचं आच्छादन घालणं जमतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला छाटणीची कात्री शिकवा, पहिल्या काही वेळा शेजारी उभं राहून.

गवत कापायच्या यंत्राच्या बाबतीत मात्र मी काटेकोर आहे. ढकलत चालवायच्या यंत्रासाठी मूल किमान १२ वर्षांचं आणि वर बसून चालवायच्या यंत्रासाठी किमान १६ वर्षांचं असावं, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. यंत्र चालू असताना सहा वर्षांखालची मुलं घरातच असावीत, असंही ती सांगते. पात्याखालून खडा उडाला तर तो दूरवर जोरात लागतो. आणि वर बसायच्या यंत्रावर मुलाला मांडीवर घेऊन फेरी मारू नका, त्याने कितीही हट्ट केला तरी.

तिसरी पायरी: अवजार खरं असू द्या, मापाने लहान

प्लॅस्टिकचं खेळण्यातलं फावडं घट्ट मातीत वाकतं, आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. लहान मुठीत मावेल असं खरं खुरपं, अर्धी भरून उचलता येईल अशी बादली, छातीपर्यंत येईल एवढा खराटा पुरेसा आहे. वापरायला शिकवण्याआधी अवजार खाली ठेवायला शिकवा. दाताळ्याचे दात जमिनीकडे, खुरप्याची धार मातीत, आणि पायवाटेवर काहीही टाकायचं नाही.

बाकीची काळजी थोडक्यात. पायात बंद बूट हवेत. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, म्हणून लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे ना ते तपासून घ्या. पाल्याच्या ढिगात हात घालण्यापूर्वी तो काठीने हलवायची सवय लावा. कण्हेरीसारख्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो, तेव्हा अशी झाडं मुलाला नावानिशी दाखवून ठेवा. कीटकनाशक मुलाच्या हातात कधीही नको आणि फवारणी सुरू असताना मूल आसपासही नको. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर काम करा. मधल्या वेळचं ऊन सगळ्यात त्रासदायक असतं.

चौथी पायरी: शेजारी बसा

या पायरीवर थोडं रेंगाळते, कारण सगळं इथे ठरतं.

लांब उभं राहून सूचना देणारा माणूस मुलाला मुकादम वाटतो. मुलाच्या शेजारी, त्याच्याच उंचीला येऊन, त्याच मातीत हात घाला. फोन घरात ठेवून या. आधी एक तण तुम्ही उपटा आणि सावकाश दाखवा: वरून पानं ओढली तर पानंच हातात येतात, मुळाशी धरून सरळ वर ओढलं तर मूळही येतं. कोरड्या मातीत ते तुटतं, म्हणून आदल्या दिवशी पाणी दिलेलं बरं. पुढची चार-पाच दोघांनी मिळून उपटा. मग तुम्ही तुमच्या वाफ्याकडे वळा आणि त्याच्याकडे बघणं थांबवा. बघणंच थांबवायचं, हे मला फार जड गेलं.

हरळी उपटायला मिळाली तर सोडू नका. तिच्या आडव्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तुटून मातीत राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा उगवते. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की मूल तुकडा मागे न ठेवण्याच्या ईर्ष्येने पेटतं. गांडूळ सापडलं तर काम थांबवा. ते त्वचेतून श्वास घेतं, म्हणून त्याचं अंग ओलं राहावं लागतं. बोटं ओली करून मुलाच्या तळहातावर ठेवा, क्षणभर पाहा, आणि ओल्या सावलीतल्या मातीत सोडा. दहा मिनिटं त्यात गेली तर जाऊ द्यात.

हात कामात आणि नजर मातीत असली की मुलं बोलतात. समोरासमोर बसवून "शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" असं उत्तर मिळतं. तेच मूल खुरपता खुरपता, तुमच्याकडे न बघता, एखाद्या मैत्रिणीने बोलणं टाकलं असल्याचं सांगून जातं. अशा वेळी हातातलं खुरपं खाली ठेवू नका, वळून त्याच्या तोंडाकडे रोखून बघू नका, आणि लगेच उपाय तर मुळीच सांगू नका. "हं, मग?" एवढंच म्हणा आणि पुढचं तण उपटा. माझ्या मुलीने मला सांगितलेल्या बऱ्याच अवघड गोष्टी मी वाफ्याकडे बघत ऐकल्या आहेत. ती काहीच बोलली नाही असेही दिवस गेले, आणि त्या शांततेतही मला तिची सोबत होती.

चुका होणारच. तणाबरोबर तुमचं जपलेलं रोप उपटलं जाईल. ओरडण्याआधी रोप बघा: मुळं शाबूत असतील तर लगेच मातीत लावून पाणी द्या, दोन दिवस सावली करा, बऱ्याचदा ते जगतं. हे मुलाच्या हातून करून घ्या. रोप मेलंच, तर तसं सरळ सांगा आणि दोघांची पानं शेजारी धरून फरक दाखवा.

आणि मुलाने केलेलं काम पुन्हा करू नका. तो ऐकेल असं दुरुस्त करू नका, तो झोपल्यावर गुपचूपही नको. पाला राहिला असेल तर राहू द्या. पुढच्या वेळी झाडण्याआधी विचारा, "कोपऱ्यातला पाला कसा काढायचा आपण?"

पाचवी पायरी: मुलाला त्याची जमीन द्या

एक छोटा वाफा किंवा कुंडी पूर्णपणे त्याची. काय लावायचं ते तो ठरवेल, तुम्ही फक्त पर्याय सुचवा. लवकर उगवणारं बी निवडा, कारण लहान मुलाला आठवडा म्हणजे युग असतं. मुळ्याचं बी साधारण तीन ते सात दिवसांत वर येतं आणि लवकर तयार होणाऱ्या जातींचा मुळा महिनाभरात उपटता येतो. झेंडूही आठवड्याच्या आत रुजतो आणि दोनेक महिन्यांत फुलतो. घेवडा आणि सूर्यफुलाचं बी मोठं असतं, लहान बोटांना धरायला सोपं. गाजराने सुरुवात करू नका, त्याला उगवायलाच दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तोवर मुलाने माती चार वेळा उकरून पाहिलेली असते.

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरायचं. एका खड्ड्यात दोन बिया टाका, एक रुजली नाही तर दुसरी असते. पाणी घालायला मूल विसरलं तर एकदा आठवण करा, पण त्याच्या नकळत तुम्ही घालू नका. रोप सुकलं तर त्याला वाईट वाटेल. तेव्हा जवळ बसा, समजूत घाला, आणि तो तयार झाला की नवीन बी काढा.

सहावी पायरी: खताचा ढीग एकत्र लावा

मला स्वतःला अंगणातल्या सगळ्या कामांत हे जास्त आवडतं. वाळक्या पाल्याचे दोन-तीन भाग आणि ओल्या हिरव्या कचऱ्याचा एक भाग, असे थर द्या. ओल पिळलेल्या स्पंजाइतकी असावी. मूठभर घेऊन दाबायचं, थेंब-दोन थेंब आले तर बरोबर. ही परीक्षा मुलाकडे सोपवा. लांबी, रुंदी आणि उंची साधारण एक मीटर असेल तर ढीग आतून तापतो, चांगला जमला तर ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत. लोखंडी सळई काही मिनिटं आत खुपसून ठेवा, बाहेर काढा, आधी स्वतः हात लावून बघा आणि मग मुलाला जपून स्पर्श करू द्या. चूल नाही, ऊन नाही, तरी सळई गरम कशी? पाला कुजवणारे सूक्ष्मजीव ती उष्णता तयार करतात, हे उत्तर लगेच सांगू नका. त्याचे दोन-तीन अंदाज आधी ऐका.

पैसे द्यावेत का?

माझं मत: रोजच्या कामाचे नाही. त्याच दोन संशोधकांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या मुलांमध्ये तसं झालं नाही. कौतुक करताना जे दिसतंय ते बोला: "या कुंडीखालचाही पाला काढलास." आणि शिक्षा म्हणून मुलाला अंगणात कधीही पाठवू नका, तेच काम पुढे आनंदाने करायला तो येणार नाही.

तेरा-चौदा वर्षांची मुलं येत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ आईबाबा करतात. त्यांना काम देऊ नका, निर्णय द्या. नवीन झाड कुठे लावायचं, सावली कुठे पडेल, पाण्याचा पाइप कसा न्यायचा. त्यांनी ठरवलेलं तुम्हाला पटलं नाही आणि त्यात धोका नसेल, तर तसंच करा.

शेवटची पायरी: कंटाळा येण्याआधी थांबा

लहान मुलांसाठी वीस मिनिटं पुरेत, मोठ्यांसाठी तासभर. आठवड्याचा एकच वार आणि एकच वेळ ठरवा. अवजारं धुऊन, पुसून, दोघांनी मिळून जागेवर ठेवा. नळावर हात धुवा. मग एकदा मागे वळून उभं राहा आणि केलेल्या कामाकडे बघा, निदान मिनिटभर.

पुढच्या वेळचं काम मुलाला ठरवू द्या आणि त्याच्याच अक्षरात लिहू द्या. आमच्याकडे मागच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं असतं. या आठवड्यात तिथे लिहिलंय: "हरळी. आईने डावीकडची, मी उजवीकडची."