फुकट फोटो घेताना आणि देताना

पानांची मांडणी करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे फोटो सतत लागतात आणि त्यांच्यासाठी पैसे बहुतेक वेळा नसतात. काही वर्षांपूर्वी एका माहितीपत्रकासाठी मी धुक्यातल्या पुलाचा एक सुंदर फोटो घेतला. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत ‘फ्री’ लिहिलं होतं, मी विश्वास ठेवला. प्रती छापून झाल्यावर मूळ छायाचित्रकाराची मेल आली. त्यानं तो फोटो तिथे टाकलाच नव्हता, भलत्याच कुणीतरी चढवला होता. माणूस सभ्य होता, बिल पाठवून थांबला. ते बिल मी भरलं.

तेव्हापासून फोटो आवडला की आधी तो उलटा शोधते. टिनआय किंवा गूगल लेन्सवर टाकायचा आणि आणखी कुठे कुठे दिसतो ते बघायचं. विकणाऱ्या संस्थेच्या पानावर तोच फोटो दिसला, तर सोडून द्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

घाईत असेन तर अनस्प्लॅश, पेक्सेल्स किंवा पिक्साबे, ही फुकट फोटोंची संकेतस्थळं. तिन्हीकडे व्यावसायिक वापर चालतो, श्रेय देणं सक्तीचं नाही. मात्र तोच फोटो जसाच्या तसा विकता येत नाही. लोक याला अजूनही ‘सीसी झीरो’ (म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेले, कसेही वापरा) म्हणतात, ते आता खरं नाही. अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये आणि पिक्साबेनं २०१९ मध्ये स्वतःचं लायसन्स आणलं. शोधल्यावर पहिल्या ओळीत दिसतात ते बऱ्याचदा विकतचे, जाहिरातीतले फोटो असतात. घाईत बोट तिथेच पडतं.

जुनी चित्रं, नकाशे, वनस्पतींची रेखाटनं हवी असतील तर या तिघांच्या नादी लागू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये आणि अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेनं २०२० मध्ये आपल्या संग्रहातल्या लाखो प्रतिमा सीसी झीरोखाली खुल्या केल्या. तिथे मी तासन्‌तास हरवते. वेगवेगळे संग्रह एकदम चाळायचे असतील तर ओपनव्हर्स हे शोधयंत्र. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, तर खिळ्यापासून धूमकेतूपर्यंत सगळं मिळतं, पण तिथे प्रत्येक फाइलची अट वेगळी.

ती अट बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी), म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठीच्या तयार लायसन्सच्या, खुणांत असते. ती अशी वाचायची. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे द्यायचं नाही. मी पार्श्वभूमी काढणार असेन तर असला फोटो माझ्या कामाचा नाही. श्रेयाच्या ओळीत शीर्षक, छायाचित्रकार, कुठून घेतला आणि लायसन्स, एवढं हवं. नुसतं ‘स्रोत : इंटरनेट’ लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

डाउनलोड करतानाच फाइलचं नाव बदलते: ‘ओली-छत्री_कॉमन्स_छायाचित्रकार_बाय-एसए-४’. शेजारी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट. पुढे पान उडालं किंवा अटी बदलल्या तरी पुरावा आपल्याकडे राहतो.

शोधताना ‘यश’ टाकलंत तर मुठी उंचावलेले कोटवाले येतील. वस्तू टाका: संपलेली पेन्सिल, चिखलाचे बूट. मोठ्या संकेतस्थळांवर शब्द इंग्रजीत टाकलेले बरे. ओळखू येणारा चेहरा असेल तर जास्त जपून. छायाचित्रकारानं परवानगी दिली म्हणजे फोटोतल्या बाईनं दिली असं होत नाही. नैराश्यावरच्या लेखाला मी कुणा अनोळखी माणसाचा चेहरा लावत नाही, पाठमोरी आकृती लावते.

आता देण्याविषयी. इतकी वर्षं नुसतं घेत होते, मग लाज वाटली आणि स्वतःचे फोटो टाकायला लागले. चढवण्याआधी फोटोतली जीपीएसची नोंद काढा, नाहीतर घरातल्या टेबलाच्या फोटोबरोबर घराचा पत्ताही जगाला मिळतो. फोटो मूळ आकारात द्या. अनस्प्लॅशला किमान ५ मेगापिक्सेल लागतात. कॉमन्स ‘एनसी’ घेत नाही, मी ‘बाय’ निवडते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही, तेव्हा जाहिरातीत दिसला तर चालेल का, हे आधीच ठरवा. वर्णनात कविता नको, दिसतंय ते लिहा: ‘गंजलेलं उघडं कुलूप, किल्ली आत, लाकडी दार’. शोधणारा हेच शब्द टाकतो.

माझ्या सूर्यास्तांना कुणी विचारत नाही. त्या कुलपाचा फोटो मात्र विकिपीडियाच्या एका पानावर लागलाय. कॉमन्सवर फाइलच्या खाली वापराची यादी असते, तिथे दिसलं. किल्ली त्यात थोडी अंधारात गेली होती, म्हणून परवा दुसऱ्या बाजूनं पुन्हा काढून चढवलाय.