आखाड्यावर बसायचं ठरलंय? मग मेंदूचा हिशोब आधी लावा

हुरड्याचे दिवस सुरू झाले की कुणाच्या ना कुणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दारू प्यायला बसायचा मेसेज ग्रुपवर पडतोच. पिऊ नका म्हणून प्रवचन द्यायला मी आलो नाही, ते घरचे देतातच. पण एका बैठकीत भसाभसा ढोसल्यावर विशी-पंचविशीतल्या मेंदूचं काय होतं आणि दोस्त आडवा झाला तर काय करायचं, एवढं तरी जाणाऱ्यांपैकी एकाला माहीत पाहिजे, आणि तो एक त्या रात्री न पिणारा पाहिजे.

आधी मोजायचं कसं ते बघा. पेग मोजू नका, आखाड्यावर पेग स्टीलच्या ग्लासात अंदाजपंचे पडतात. बाटली मोजा. 180 मिलीची एक क्वार्टर, 42.8 टक्केवाली, म्हणजे साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एका बैठकीत 60 ग्रॅम झालं की ते अती पिणं, म्हणजे आपण जिला "एकच तर मारली बे" म्हणतो तीच ती रेषा. 650 ची स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांची असेल तर एकीत 40 ग्रॅम, दोन झाल्या की रेषा पार. पोरींना याहून कमीत चढते कारण शरीरात पाणी कमी असतं. आणि लिव्हर तासाला जेमतेम 7 ते 10 ग्रॅम उरकतं, त्यामुळं रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे गाडीला किक मारताना पण अंगात असू शकते. लिंबू, काळी कॉफी, डोक्यावर पाणी, यानं काही उतरत नाही, माणूस फक्त ओला होतो. एनर्जी ड्रिंक मिसळलं तर अजून वाईट, चढलेलीच कळत नाही.

आता मेंदू. मागच्या वर्षी अहमदपूरकडं आमचा एक दोस्त उपाशीपोटी घटाघट प्याला. नंतर तासभर आमच्याशी नीट बोलला, शेकोटीत कणसं भाजली, तिघांना फोन लावले, आणि सकाळी उठून विचारतो "मी जेवलो का रे?" तो विसरला नव्हता. दारू रक्तात एकदम चढली की आठवण तयार करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रेकॉर्डिंगच बंद करतो, म्हणजे बोलणं चालू, चालणं चालू, पण कॅमेऱ्यात मेमरी कार्डच नाही. जे नोंदलंच नाही ते नंतर कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

विचार करून ब्रेक लावणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. (आपल्याकडं बिअरला 21 आणि व्हिस्की-रमला 25 वय लागतं, पण ते विचारतंय कोण.) वरचेवर असं पिणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, काढलं तेव्हा, पिलेली नसताना सुद्धा, काही लहरी जुन्या दारुड्यांच्या वळणावर गेलेल्या दिसल्या. आणि लक्षात ठेवायची कामं दिली की बऱ्याचदा मार्क इतरांएवढेच पडतात पण मेंदू जास्त राबतो. फुटव्हॉल्व्ह गळत असलेल्या मोटारीसारखं, पाणी तेवढंच येतं पण भार जास्त घेते, आणि आपल्याला वाटतं सगळं ओके. पिऊन लागलेली झोप पण कच्चीच, तिच्यात दिवसभराचं वाचलेलं डोक्यात नीट मुरत नाही, हे लातूरला रूम करून परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी जास्त ध्यानात ठेवावं.

दोस्त आडवा झाला तर "झोपू दे, उतरंल" म्हणून निघून जाऊ नका. पोटातली दारू झोपेत पण रक्तात जातच राहते, म्हणजे बेशुद्धीनंतर पण चढतच असते. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं दुमडा, पाठीमागं पोत्याची वळकटी लावा म्हणजे उताणा होणार नाही, कारण उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते आणि शुद्ध नसल्यावर तो खोकत पण नाही. बोटं घालून उलटी काढू नका, तोंडात पाणी ओतू नका. पौषातल्या थंडीत उघड्यावर ठेवू नका, पिल्यावर गरम वाटतं पण अंग आतून थंड पडतं. मग श्वास मोजा, मोबाइल लावून पूर्ण एक मिनिट. आठच्या खाली आला, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त गॅप पडला, ओठ निळसर झाले, चिमटा काढून हाक मारूनही हालचाल नाही, यातलं एक जरी दिसलं तर 108. घरी कळंल, पोलीस येतील, ते सगळं नंतर बघता येतं. आखाड्याचा रस्ता अँब्युलन्सला सापडत नाही म्हणून एकाला टॉर्च घेऊन डांबरी रोडवर उभं करा.

दुसऱ्या दिवशी उतारा म्हणून परत नाइन्टी देऊ नका. पाणी, मीठ-साखर, पातळ वरण-भात. छातीत धडधड, उगीच भीती वाटणं हे दाबलेला मेंदू उसळी मारतो त्याचं असतं, बऱ्याचदा दिवसभरात बसतं. पण रोजची सवय असून सकाळी हात थरथरत असतील तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. बोलायचंच असेल तर 14416 वर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि रात्री काय काय झालं ते त्याला सांगा. आमच्या त्या दोस्ताला आम्ही सगळं सांगितलं तर म्हणतो, "खोटं बोलू लालाव तुम्ही." मग त्यानं कॉल लिस्ट उघडली, रात्री एक वाजता मामाला लावलेला अकरा मिनिटांचा फोन बघितला, आणि मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवून दिला.