गीझरला स्मार्ट प्लग की साधं बटण?
कोथरूडच्या आमच्या घरात १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर आहे. अर्धा तास सलग तापला की एक युनिट. पाणी तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, पण बटण चालूच राहिलं तर पाणी निवल्यावर पुन्हा तापवत बसतो. थंडीत पहाटे साडेपाचला आई भिंतीला धरून बटण दाबायला जायची, गुडघे दुखतात तिचे. मला ते बघवेना. स्मार्ट प्लग लावला, म्हणजे वायफायला जोडलेला, मोबाइलवरून चालू-बंदची वेळ लावता येणारा प्लग: ५:४० ला चालू, ६:१० ला बंद.

घ्याल तर १६ अँपिअरचाच घ्या. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, ६ अँपिअरचा जळेल. वायफाय गेलं तरी प्लगवरचं बटण चालतं का, दुकानातच विचारा. आंघोळीच्या वेळा ठरलेल्या नसतील तर साधं बटणच ठेवा.