जपानला पहिल्यांदा जाताना : तीन गावं खोडा, एक डोंगर घाला

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर सात गावं होती. टोकियो, हाकोने, ताकायामा, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. आणि रात्री दहा. आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून पान वाचलं आणि विचारलं, "आपण बघायला चाललोय की हजेरी लावायला?" ३४ वर्षं वर्गात हजेरी घेतलेल्या बाईला हे झोंबलं. पण हाकोने, ताकायामा आणि हिरोशिमा त्याच रात्री खोडली, आणि त्यांच्या जागी एकच नाव लिहिलं: कोयासान, देवळांचा डोंगर. आता कुणी विचारलं की मी याच हिशेबाने सांगते. टोकियोत चार रात्री, क्योटोत चार, कोयासानच्या डोंगरावर एक, शेवटची ओसाकात. नारा क्योटोहून एका दिवसात होतं.

विमानाचं तिकीट जाताना टोकियोचं आणि परतताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, असं काढा. नाहीतर परतीच्या विमानासाठी पुन्हा टोकियो गाठण्यात एक दिवस आणि बुलेट ट्रेनचं भाडं जातं. ट्रेनच्या पासाबद्दल जुने अनुभव वाचून फसू नका. जपान रेल्वेचा सात दिवसांचा साधा पास, म्हणजे जेआर पास, ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो एका वेळचं तिकीट साधारण १४,००० येनचं. वरच्या आराखड्यात लांबचा प्रवास हा एवढाच, मग पास कशाला? त्या गाडीत 'ई' अक्षराची खिडकी मागा. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो, ढग नसले तर. आम्हाला फक्त पायथा दिसला.

व्हिसासाठी रोज कुठे राहणार याचा तक्ता द्यावा लागतो, म्हणून आधी आराखडा, मग फुकट रद्द करता येतील अशी हॉटेलं, आणि मग अर्ज. व्हिसा आता ऑनलाइन येतो आणि विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवूनच दाखवायचा असतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. मी तीन प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या होत्या. औषधांकडेही लक्ष द्या: सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन यांवर तिथे कडक नियम आहेत. घटक वाचूनच डबा भरा.

कधी जायचं? चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही टिपेला. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा मात्र टाळाच, सगळं जपान सुट्टीवर असतं. आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. क्योटोची झाडं अजून हिरवी होती, पण कोयासान ८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे मेपल लालभडक झाले होते.

आता पोटाचं. आम्ही शाकाहारी, आणि तिथला शत्रू मांस नव्हे, दाशी. म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. ते मिसो सुपात, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, अगदी उकडलेल्या भोपळ्यातही असतं. "नो मीट, नो फिश" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि तुकडे काढून तोच रस्सा आणून देतो. एका नूडलच्या दुकानात अर्धा वाडगा संपल्यावर आम्हाला हे कळलं. त्या रात्री मी एक वाक्य पाठ केलं आणि मराठीच्या बाईला घबाडच सापडलं: "निकु मो साकाना मो ताबेमासेन." निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, मो म्हणजे आपला 'ही', ताबेमासेन म्हणजे खात नाही. मांसही मासाही खात नाही. शब्दांचा क्रम हूबेहूब आपला! पुढे जोडा: "साकाना नो दाशी मो दामे देस." इथला 'नो' म्हणजे चा-ची-चे. माशाची दाशीही नको. इंग्रजीच्या वळणाने न जाता मराठीतून जपानीत उतरलं की दहा वाक्यं एका आठवड्यात येतात.

शिवाय मेतकूट न्या. सेव्हन इलेव्हन किंवा लॉसन या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत शिजलेल्या भाताचं पाकीट मिळतं, गरम करून घ्यायचं. तो भात चिकट, जवळजवळ गुरगुट्याच. त्यावर मेतकूट. आमची तीन रात्रींची जेवणं अशी झाली. ताजी फळं, भाजी, मांसाचे पदार्थ मात्र नेऊ देत नाहीत.

टोकियोत आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ सगळेच बघतात. त्या गर्दीतून निघून दहा मिनिटं नदीच्या बाजूला चाला, मात्सुचियामा शोदेन नावाचं टेकडीवरचं देऊळ लागेल. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कायम झाकलेली, दर्शन नाही. आणि नैवेद्य मोदकाचा नव्हे, मुळ्याचा! पांढरेशुभ्र जाडजूड मुळे रचून ठेवलेले. ह्यांनी मुळा विकत घेऊन वाहिला आणि दिवसभर हसत होते.

क्योटोत फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी रात्रंदिवस उघड्या, फुकट. सकाळी सहाला पोहोचा, नऊनंतर नुसती डोकी दिसतात. नाराच्या तोदाईजी देवळात महाबुद्धापुढे उभं राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता.

कोयासानला जायच्या दिवशी मोठ्या बॅगा क्योटोच्या हॉटेलातूनच ताक्युबिनने, म्हणजे तिथल्या सामानाच्या कुरिअरने, ओसाकाच्या हॉटेलवर पाठवून द्या. आम्ही पैसे वाचवायला गेलो आणि २२ किलोची बॅग ह्यांच्या गुडघ्यानिशी गाडी, केबल कार आणि बस अशी ओढली. मार्ग असा: ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. त्या बसच्या रस्त्यावर पायी चालू देत नाहीत.

राहायचं देवळातच. पन्नासेक देवळं पाहुणे घेतात, त्याला शुकुबो म्हणतात. इथे दाशीची भीती संपते: भिक्षूंचं जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. जेवण संध्याकाळी सहाच्या आतबाहेर, नंतर गावात काही उघडं नसतं. न्हाणीघर सामाईक, बायकांचं वेगळं. स्टुलावर बसून आधी स्वच्छ अंघोळ, मग कढत टाकीत उतरायचं, अंगावर काही न ठेवता. मला दारातून दोनदा परत फिरावंसं वाटलं. कोणी बघत नाही, खरंच. पहाटेच्या पूजेला उठा. काही देवळांत तेव्हा अग्नीचा विधी असतो, त्याचं नाव गोमा, म्हणजे मूळचा आपला होम. (तिळालाही ते गोमाच म्हणतात, तेव्हा जेवणातल्या गोमादोफूत, म्हणजे तिळाच्या टोफूत, होम शोधू नका.) गावातल्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे, तोही वाट वाकडी करून बघा.

दुसरी सकाळ ओकुनोइनसाठी. देवदारांखाली दोन किलोमीटर वाट आणि दोन लाखांवर समाध्या. पाच थरांचे दगड दिसतील: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीत खालून वर अ, व, र, ह, ख. सगळ्यात वरचा ख म्हणजे आकाश, आपल्या खगोलातला. मी एकेक अक्षर बोटाने दाखवून वाचत होते आणि हे माझे फोटो काढत होते. वाटेच्या शेवटी कूकाईची समाधी, कोयासान वसवणाऱ्या भिक्षूची. ८३५ पासून तो आत ध्यानातच बसलाय अशी श्रद्धा आहे. आळंदी माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या पुलापलीकडे फोटो बंद, टोपी काढायची. त्याच्यासाठी रोज दोनदा जेवण नेतात, पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला. साडेदहाच्या आत पुलाच्या अलीकडे उभे राहा. भिक्षू लाकडी पेटी घेऊन येतात, कोणी बोलत नाही. ओसाकाकडे परतायची बस त्यानंतरची ठरवा.